फुली आणि अंगठा

आमच्या घराण्याचा एक कुलवृत्तांत आहे. चांगला जाडजूड, कापडी बांधणीचा, आणि दिवाळीत सगळे जमले की हमखास बाहेर निघणारा. त्यात माझ्या पणजोबांबद्दल दहा ओळी आहेत: शिक्षण, नोकरी, स्वभाव, अगदी त्यांना नाटकाची आवड होती इथपर्यंत. आणि पणजीबद्दल? "द्वितीय कुटुंब, पुत्र १." संपलं. त्या एक पुत्राचा नातू म्हणजे ही पोस्ट लिहिणारा अस्मादिक.

लहानपणापासून ती ओळ मी निदान पन्नासदा वाचली असेल, पण कधी खटकली नव्हती. खटकली ती मागच्या वर्षी, आणि तीही लॉस एंजेलिसमध्ये. आता पणजी कुठे नि लॉस एंजेलिस कुठे! पण जरा दमानं घ्या, सांगतो.

क्लायंटच्या ऑफिसात तीन महिन्यांसाठी गेलो होतो. ऑफिस डाउनटाउनमध्ये. जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला निघालो की स्प्रिंग स्ट्रीट आणि ब्रॉडवे यांच्या मधल्या बोळात एक छोटंसं मोकळं आवार लागायचं. तिथे एक लांबच लांब काळी भिंत आहे, ८१ फुटांची. शीला द ब्रेटव्हिल या डिझायनर बाईंनी ती १९८९ मध्ये केली. भिंतीवर दशकादशकाने एका बाईचं आयुष्य कोरलंय. बाईचं नाव बिडी मेसन. ज्या जमिनीवर मी सँडविच खात उभा होतो ती एकेकाळी तिच्या मालकीची होती.

पहिल्या दिवशी नुसतं वाचलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढले. तिसऱ्या दिवशी रात्री हॉटेलात बसून तिला कागदपत्रांत शोधायला लागलो. (सॉफ्टवेअरवाल्याला एकटं सोडलं की तो असलेच उद्योग करतो.)

अमेरिकेत पूर्वज शोधणं हा मोठाच छंद आहे. त्याचं कारण त्यांची शिरगणती. दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षं उलटली की घराघरांची मूळ पानं सगळ्यांना खुली होतात. १९५० ची पानं २०२२ मध्ये खुली झाली. आपला पणजोबा कुठल्या गल्लीत राहायचा, काय धंदा करायचा, सगळं घरबसल्या दिसतं. मला वाटलं, बिडीबाई पाच मिनिटांत सापडणार.

पण बिडी १८१८ साली जन्मली ती गुलाम म्हणून. १८४० च्या शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीच्यांचे नुसते आकडे. गुलामांसाठी वयोगटाप्रमाणे रकाने होते. तेव्हा २२ वर्षांची असलेली बिडी म्हणजे कुणा गोऱ्या माणसाच्या नावासमोर 'गुलाम स्त्रिया, वय १० ते २४' या रकान्यातल्या आकड्यातली एक. १८५० मध्ये सुधारणा झाली, प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला लागले. गुलामांसाठी मात्र वेगळी यादी. तिच्यात मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. नावाला रकानाच नाही. पण गंमत पाहा, पळून गेलेल्यांसाठी रकाना आहे! डेटाबेसचा आराखडा पाहिला की कंपनीला कशाची काळजी आहे ते कळतं असं आमचा जुना टेक लीड म्हणायचा. इथेही तेच. १८६० ला पुन्हा तसंच. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या कुटुंबांची नावं पहिल्यांदा उमटतात ती गुलामगिरी संपल्यानंतरच्या, १८७० च्या पानांवर. त्यांचे वंशज मागे मागे शोधत येतात आणि १८७० ला येऊन भिंतीवर डोकं आपटतात.

बिडीला मात्र १८७० पर्यंत थांबावं लागलं नाही. ती त्याच्या आधी कागदावर आली. कशी, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

तिचा मालक रॉबर्ट स्मिथ हा मिसिसिपीतला शेतकरी. तो मॉर्मन झाला आणि १८४८ मध्ये बिऱ्हाड आवरून पश्चिमेला युटाकडे निघाला. मालकाचं सामान बैलगाड्यांत आणि बिडी गाड्यांच्या मागे, धुळीत, गुरं हाकत. बरोबर तीन मुली, त्यातली धाकटी अंगावर पिणारी. सुमारे १७०० मैल. म्हणजे पुण्याहून दिल्लीला चालत जायचं आणि चालतच परत यायचं. अमेरिकेत असे तांड्यांतून आधी आलेले लोक म्हणजे 'पायोनियर', आणि पायोनियर पूर्वज असणं हे तिकडे खानदानीपणाचं लक्षण. ही बाई तर प्रत्येक पाऊल स्वतःच्या पायांनी चालली होती. पण कुठे जायचं ते ठरवायचा हक्क तिला नव्हता.

१८५१ मध्ये स्मिथ पुढे कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला आला. इथे त्याचा हिशोब चुकला. कॅलिफोर्निया १८५० मध्ये राज्य झालं तेच मुळी गुलामगिरीला बंदी घालून. म्हणजे कायद्याने बिडी स्वतंत्र होती. पण तसं तिला सांगणार कोण? चारेक वर्षं सगळं तसंच चाललं. मग १८५५ च्या शेवटी स्मिथने टेक्सासला जायचं ठरवलं. टेक्सासात गुलामगिरी कायदेशीर होती. एकदा हद्द ओलांडली की खेळ खलास.

तोवर बिडीची लॉस एंजेलिसमधल्या काळ्या लोकांशी ओळख झाली होती. रॉबर्ट ओवेन्स नावाचे एक गृहस्थ होते, घोड्यांचा धंदा करणारे. त्यांचा मुलगा बिडीच्या थोरल्या मुलीच्या, एलेनच्या, प्रेमात होता. (पुढे दोघांचं लग्नही झालं.) ही मंडळी धावली, शेरीफला कळवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. अर्ज हेबियस कॉर्पसचा, म्हणजे 'या माणसांना डांबून ठेवलंय, त्यांना कोर्टापुढे हजर करा' असा.

न्यायाधीश होते बेंजामिन हेज. एकूण चौदा जणांचा प्रश्न होता. बिडी आणि तिच्या तीन मुली, आणि हॅना नावाची दुसरी बाई, तिची मुलं, एक नात. सगळ्यांत धाकटं बाळ दोन आठवड्यांचं. स्मिथचं म्हणणं, ही तर आमच्या घरचीच माणसं, राजीखुशीने टेक्सासला येतायत. आता खरं तर बिडीला विचारलं की प्रश्न मिटला. पण विचारायचीच सोय नव्हती! काळ्या माणसाने गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष द्यायची नाही असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. (काळ्यांवरची ही बंदी उठली १८६३ मध्ये.) त्यात भर म्हणजे तिच्या बाजूचा वकील मध्येच अंग काढून मोकळा झाला.

हेजसाहेबांनी मग तिला कोर्टाऐवजी आपल्या दालनात बोलावलं आणि तिथे विचारलं. तिने सांगितलेलं कागदावर उतरलंय. सारांश असा, की मला जे सांगितलं ते मी आजवर करत आले, पण या टेक्सासच्या प्रवासाची मला पहिल्यापासून भीती वाटत होती.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसलो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सदतीस वर्षांच्या आयुष्यात तिला काय वाटतं हे कागदावर यायची ही वेळ, आणि तीही एका दिवाणखान्यातल्या चौकशीमुळे. सगळं सुरळीत असतं, म्हणजे स्मिथच्या दृष्टीने सुरळीत, तर हे वाक्य राहिलंच नसतं.

जानेवारी १८५६ मध्ये निकाल लागला. चौदाही जण स्वतंत्र, कायमचे. निकालात सगळ्यांची नावं आहेत, पण आडनाव नाही. नुसती हॅना, नुसती बिडी. मेसन हे आडनाव तिच्या नावापुढे नंतर लागलं.

पुढे तिने डॉ. ग्रिफिन यांच्याकडे सुईण आणि परिचारिका म्हणून काम धरलं. रोज अडीच डॉलर. शेकडो बाळंतपणं केली, देवीची साथ आली तेव्हा रोग्यांची शुश्रूषा केली. आणि १८६६ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरची जागा २५० डॉलरला विकत घेतली. म्हणजे नुसती शंभर दिवसांची मजुरी, पण ती बाजूला पडायला दहा वर्षं लागली. तीन मुली पदरात असताना शिल्लक टाकणं काय असतं ते ईएमआयवाल्यांना सांगायला नको. १८७२ मध्ये तिच्या घरात जमलेल्या मंडळींतून शहरातलं काळ्यांचं पहिलं एएमई चर्च उभं राहिलं. १८८४ मध्ये तिने जागेचा एक तुकडा १५०० डॉलरला विकला आणि उरलेल्या जागेवर भाड्याने द्यायला इमारत बांधली. या व्यवहारांच्या दस्तांवर तिची सही म्हणजे एक फुली. शेवटपर्यंत फुलीच.

१५ जानेवारी १८९१ ला ती गेली. तिच्या आयुष्यातली शेवटची शिरगणती १८९० ची. म्हटलं, तिथली म्हातारी बिडी बघू. तर १८९० ची बहुतेक पानं १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीपायी गेली. (बॅकअप नव्हता. आपल्या धंद्यातल्या सगळ्या गोष्टी शेवटी इथेच येतात.) तिच्या थडग्यावर दगडसुद्धा १९८८ पर्यंत नव्हता.

थोडक्यात, गुलाम असताना जिथे माणसं मोजली तिथे ती धड सापडत नाही. ती सापडते कोर्टाच्या निकालात आणि खरेदीखतात.

परतीच्या विमानात मला तो कुलवृत्तांत आठवला. द्वितीय कुटुंब, पुत्र १. हे त्या १८४० च्या रकान्यापेक्षा वेगळं आहे का? गुलामीची आणि आमच्या घराण्याची बरोबरी मी करत नाहीये, तसं करणं बिडीवर अन्याय होईल. माझी पणजी कुणाच्या मालकीची नव्हती, वाड्यातच राहत होती. पण मग तिचं नाव लिहायला शाईची टंचाई होती का?

घरी आल्यावर शोधायला लागलो. आपल्या जनगणनेचा उपयोग नाही. १९४८ च्या कायद्यातलं कलम १५ सांगतं की घरोघरच्या नोंदी कुणाला बघता येणार नाहीत, पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. बहात्तर वर्षांनी वगैरे काही खुलं होत नाही. आजोबा गेलेले, आत्याला 'आजीला सगळे वहिनी म्हणत' एवढंच आठवतं. माहेरचं नाव, सासरचं नाव, काहीच नाही.

मग बिडीचा धडा लावला: जिथे जमीन हातातून हातात गेली किंवा जिथे भांडण झालं, तिथे बघ. आमची गावाकडे थोडी जमीन होती. पणजोबा गेले तेव्हा आजोबा सहा वर्षांचे. म्हणजे वारसाची नोंद झाली असणार, आणि पोर अज्ञान म्हटल्यावर कुणीतरी पालनकर्ता दाखवला असणार! गावच्या चुलतभावाला फोन केला. त्याने आधी मला वेड्यात काढलं, मग दोनदा तहसील कचेरीत खेटे घातले, आणि तिसऱ्यांदा जुन्या फेरफाराची नक्कल मिळवली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मोडीत होता. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांना मोडी येतं, त्यांनी चहा पिता पिता वाचून दाखवलं.

अज्ञान म्हणून आजोबांचं नाव. पुढे 'अ. पा. क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. आणि त्यापुढे तिचं नाव. अमुकबाई कोम तमुक. कोम म्हणजे अमक्याची बायको. पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात, कारण जमिनीचा मामला होता आणि सरकारला सारा कुणाकडून वसूल करायचा ते माहीत असायला हवं होतं. घराण्याला तिच्या नावाची गरज पडली नाही, तलाठ्याला पडली.

खाली तिची सही. 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा.' शाई पुसट झालीय, पण अंगठ्याच्या रेषा दिसतात. काकांनी भिंग दिलं होतं, मी बराच वेळ बघत बसलो. भिंतीवरची फुली आठवत होती.

नाव इथे लिहीत नाही. आज रविवार आहे, आईला फोन करायचाय, आत्याला करायचाय, त्यांना आधी कळू दे. कुलवृत्तांताच्या आमच्या प्रतीत मात्र 'द्वितीय कुटुंब'च्या वर शाईच्या पेनाने ते कालच लिहून टाकलं. अक्षर वाईट आलंय. असो.

तुमच्याही घरी असा ग्रंथ असेल तर त्यातलं एखादं 'कुटुंब' उचला आणि जुने फेरफार, खरेदीखतं, कोर्टाचे कागद चाळा. पूर्वजांचं कौतुक जिथे लिहिलंय तिथे आज्या-पणज्या सापडणं कठीण. वारस नोंदवताना, गहाण सोडवताना, वाटणीवरून भांडताना मात्र त्यांचं नाव कुणालातरी विचारावं लागलेलं असतं.