उंबरठा ओलांडणारी करंजी

चीन देशांत आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस सारण भरलेल्या वाटोळ्या पोळ्या आप्तेष्टांकडे पाठविण्याचा प्रघात आहे. अशा पक्वान्नाच्या चवीपेक्षां तें कोणाच्या घरीं पोंचतें, हा प्रश्न इतिहासास अधिक महत्त्वाचा. तोच आपल्या करंजीविषयीं विचारून पाहूं.

पोशीर ज्या जिल्ह्यांत मोडतें, त्या रायगडाच्या, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाब्याच्या किनारपट्टींत बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहत आले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ मध्यें लिहिलेला व १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेलेला त्यांचा इतिहास चाळला, तर सणांचीं नांवें अस्सल मराठी आढळतात. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो बिरड्याचा सण. पोशीरकडील शेतकरी भात कापल्यावर जमिनींतील ओलीवर जो वाल घेतो, त्याचेंच हें बिरडें! प्रायश्चित्ताच्या उपवासानंतरचा दिवस म्हणजे शिळा सण. त्या दिवशीं दानधर्म व इष्टमित्रांच्या भेटी होत. या सणाची गोड सारणाची अर्धचंद्राकृति पुरी पाहिली, तर ती करंजीची सख्खी बहीणच आहे.

गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळतां, इन्क्विझिशनचा अंमल होता. तरी नेवरी टिकली. चतुर्थीला ती हिंदु घरांत होते, नाताळांत ख्रिस्ती घरांत; आणि दोन्ही वेळां शेजारच्या घरीं ताट जातें.

परंतु एवढ्यावरून गतकाल मोठा उदार होता, असें आम्हांस म्हणवत नाहीं. करंजी तळलेली, कोरडी व टिकाऊ. शिजविलेल्या भाताला सोंवळ्याची जेवढी अडचण, तेवढी तिला नव्हती. जेथें तीहि चालत नसे, तेथें कोरडा शिधा देत. अस्पृश्यांच्या पदरीं तर सणाचें उरलेलें अन्न वरून पडे. त्यांच्या घरचें ताट उलट येत नसे. याच कुलाबा जिल्ह्यांत महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. जेथें पाण्यालाच विटाळ, तेथें करंजीची काय कथा? देणें पुष्कळ होतें. घेणें मात्र निवडक होतें.

१९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबें तिकडे गेलीं. मराठी व तिच्यासवें पुरी त्यांनीं बरोबर नेली. येथें मात्र सणाचीं ताटें पाठविणारीं किती तरी घरें बंद झालीं. म्हणून येत्या दिवाळींत फराळ वांटतांना आपण एक हिशेब करावा: आपलें ताट किती घरीं गेलें हें मोजूं नये, ज्यांच्या हातचें आपल्या पूर्वजांनीं घेतलें नाहीं, अशा किती घरांचें ताट आपल्या घरीं आलें व आपण तें आनंदानें खाल्लें, तें मोजावें.