समाईक आरंभ आणि बदलता पूर्वपाठ : दृश्य-कादंबरीतील पुनर्लेखनाचा विचार

१

लेखकाने आपल्याच कृतीचे आरंभीचे भाग पुन्हा लिहावेत, ही घटना साहित्येतिहासाला अपरिचित नाही. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत असे फेरफार नेहमीच होत आले आहेत. मात्र कृती अपूर्ण असताना, तिचे पूर्वभाग वाचकांच्या हाती गेलेले असताना आणि उत्तरभाग अजून लिहावयाचे असताना केलेले पुनर्लेखन हा वेगळा प्रकार आहे. मुद्रणयुगातील क्रमशः कादंबरीला तो जवळजवळ निषिद्धच होता. 'डेव्हिड कॉपरफील्ड' १८४९-५० मध्ये मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध होत असता त्यातील मिस मॉचर या पात्रात एका प्रत्यक्ष व्यक्तीला स्वतःचे विडंबन दिसले व तिने तक्रार केली. डिकन्सला छापून गेलेला हप्ता मागे घेणे शक्य नव्हते. त्याने पुढच्या हप्त्यांत त्या पात्राला सहृदय वळण दिले. पूर्वभागाचे ओझे उत्तरभागाने वाहिले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मधून येऊ लागली, तेव्हा त्यांच्यावरही हेच बंधन होते. जे छापले ते वाचकाचे झाले.

संगणकावर वाचल्या जाणाऱ्या कथनाने हे बंधन सैल केले. त्यातही ज्या कथनप्रकारात वाचकाच्या निवडीनुसार कथा फुटत जाते, त्यात आरंभीच्या प्रकरणांचे पुनर्लेखन ही केवळ सुधारणा राहत नाही. तेथे आरंभ हा सर्व फाट्यांचा समाईक बुंधा असतो आणि वाचक तो एकदा नव्हे, तर अनेकदा वाचत असतो. जपानमध्ये आकाराला आलेली 'व्हिज्युअल नॉव्हेल', म्हणजे दृश्य-कादंबरी, हे या प्रकाराचे सर्वांत विकसित रूप होय. तिच्या इतिहासातील एका पुनर्लेखनाच्या आधारे 'पाठ' या संकल्पनेचा फेरविचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. चुनसॉफ्ट या संस्थेने १९९२ साली 'ओतोगिरिसो' ही कृती घरगुती खेळयंत्रासाठी काढली व अशा कृतींना 'साउंड नॉव्हेल' हे नाव दिले. पडदाभर मजकूर, त्यामागे चित्र व ध्वनी आणि मधूनमधून निवडीचे पर्याय असे तिचे स्वरूप होते. एकदा शेवट गाठल्यावर वाचक पुन्हा आरंभाकडे वळला की नवे पर्याय दिसू लागत; पुनर्वाचन हा रचनेचाच भाग होता. १९९४ च्या 'कामाइताची नो योरु'ने या तंत्राला रहस्यकथेची चौकट दिली. पुढे १९९६ साली लीफ या संस्थेने 'शिझुकु' आणि 'किझुआतो' या कृती प्रौढांसाठीच्या संगणक-खेळांच्या बाजारात आणल्या व त्यांना 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हटले. त्याच वर्षीच्या 'यू-नो'ने तर फाट्यांचा नकाशाच वाचकासमोर ठेवला.

'प्रौढांसाठी' हे विशेषण येथे केवळ नीतिविषयक वर्गवारी म्हणून पाहता येणार नाही. तो एक उत्पादनसंबंध होता. या बाजारात चार-सहा जणांच्या चमूला मोठ्या भांडवलावाचून दीर्घ गद्य लिहिण्याची मुभा होती. बदल्यात प्रत्येक मार्गात शृंगारदृश्याची अपेक्षा असे. त्यातून एक रचनासंकेत रूढ झाला : आरंभी सर्वांना समाईक असा दैनंदिन जीवनाचा भाग, त्यात विखुरलेल्या लहान निवडी, आणि त्या निवडींच्या बेरजेनुसार एका पात्राकडे जाणारा स्वतंत्र मार्ग. शृंगारदृश्य मार्गाच्या उत्तरार्धात येई. त्यामुळे आरंभीच्या, वरकरणी निरुद्देश वाटणाऱ्या तपशिलांना एक पूर्वनियोजित दिशा प्राप्त होत असे. कोणाबरोबर जेवावे, कोणत्या वाटेने घरी जावे यांसारख्या क्षुल्लक निवडींना वाचक गांभीर्याने घेई, कारण त्यांचे फळ पुढे मिळणार असल्याची हमी संकेताने दिलेली होती.

३

या संकेताच्या चौकटीत राहून तिला ताण देणारी कृती म्हणून 'त्सुकिहिमे'चा उल्लेख करावा लागतो. किनोको नासू यांचे लेखन आणि ताकाशी ताकेउची यांची चित्रे असलेली ही प्रौढांसाठीची कृती टाइप-मून या तेव्हाच्या हौशी मंडळाने डिसेंबर २००० मध्ये, तोक्योतील कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या मेळाव्यात विक्रीस ठेवली. तत्पूर्वी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिची एक अपूर्ण आवृत्ती निघाली होती. तिच्या नावाचाच अर्थ 'अर्धचंद्र आवृत्ती' असा होता. म्हणजे ही कृती प्रथमपासूनच अपूर्णावस्थेत वाचकांसमोर आलेली आहे.

तिची रचना पाच मार्गांची. अनेक वर्षांनी पित्याच्या वाड्यात परतलेला शिकी हा नायक. वस्तूंच्या व माणसांच्या अंगावर त्यांच्या मृत्यूच्या रेषा त्याला दिसतात. पाच मार्गांपैकी दोन चंद्राच्या 'अलीकडच्या' बाजूचे आणि तीन 'पलीकडच्या' बाजूचे. अलीकडच्या मार्गांत नायक आरंभीच एका अपरिचित स्त्रीवर अनाकलनीय आवेगाने शस्त्र चालवतो आणि पुढचे सारे त्या कृत्यातून उद्भवते. पलीकडच्या मार्गांत ते कृत्य घडतच नाही आणि कथा वाड्याच्या भिंतींआड वळते. पलीकडची बाजू वाचकाला प्रथम उपलब्ध नसते. त्यामुळे तो जेव्हा त्या बाजूसाठी आरंभाकडे परततो, तेव्हा वाड्यातील तीच माणसे, तीच जेवणाची वेळ, तेच संवाद त्याला निराळे ऐकू येतात. जे केवळ पार्श्वभूमी वाटले होते ते विषय होऊन बसते. एकच वाक्य दोन वाचनांत दोन कार्ये करते आणि दोहोंच्या भारास ते पुरे पडावे लागते.

या कृतीच्या पुनर्लेखनाची घोषणा २००८ साली झाली आणि तिचा पहिला भाग ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अलीकडच्या बाजूचे दोनच मार्ग आहेत. पलीकडच्या तिहींसाठी स्वतंत्र दुसरा भाग योजण्यात आला. समाईक आरंभ मात्र पुरता नव्याने लिहिलेला आहे. मिसाकी या लहान नगराच्या जागी सोया हे आधुनिक महानगर आले. आरंभीच्या संघर्षातील नीरो केऑस हे प्रतिपात्र जाऊन व्लोव हे नवे पात्र आले. मूळ कृती निःशब्द वाचली जाई. नव्या कृतीत पात्रांना आवाज आहेत. आणि घरगुती खेळयंत्रांसाठी निघालेल्या या पाठातून शृंगारदृश्ये गळाली.

येथे दोन गोष्टी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ज्या गंतव्याच्या हमीवर आरंभीच्या दैनंदिन तपशिलांचे समर्थन उभे होते ते गंतव्यच उरले नाही. तेव्हा त्या तपशिलांना वेगळा आधार देणे लेखकाला भाग पडले. नव्या पाठात नगराचा विस्तार, गौण पात्रांची वाढलेली संख्या आणि हिंसेचे अधिक विस्तृत दृश्यचित्रण हे या आधाराचे काम करतात. दृश्ये गाळली म्हणजे कृती 'स्वच्छ' झाली, हे वर्णन म्हणूनच अपुरे ठरते. शेवटचा एक घटक काढल्याने पहिल्या प्रकरणाचे प्रयोजन बदलले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा आरंभ ज्या फाट्यांचा बुंधा आहे, त्यांतील तीन फाटे त्या ग्रंथात नाहीतच. वाड्यातील बहीण आणि दोन सेविका यांच्याविषयी आरंभी जे सूचित होते त्याची परिपूर्ती दुसऱ्या भागाकडे सोपवलेली आहे. २०००च्या पाठाशी परिचित वाचक या सूचना ओळखतो व त्यांत फेरबदलाच्या खुणा शोधतो. नवा वाचक त्यांना केवळ गूढता समजून पुढे जातो. अपूर्ण कृतीचा सुधारलेला आरंभ अशा रीतीने दोन वाचकवर्ग निर्माण करतो. पहिल्याच्या दृष्टीने तो भाष्य आहे. दुसऱ्याच्या दृष्टीने तो अद्याप केवळ आश्वासन आहे.

४

'त्सुकिहिमे'च्या बाबतीत दोन पाठांमध्ये दोन दशकांचे अंतर असल्याने त्यांचे वेगळेपण उघड आहे. अपूर्ण कृती भागाभागाने प्रकाशित करण्याची प्रथा रूढ झाल्यावर हे अंतर आठवड्यांवर आले. 'कातावा शोजो' ही अनेक देशांतील हौशी लेखक-चित्रकारांनी इंग्रजीत रचलेली कृती या प्रथेचे प्रारंभीचे ठळक उदाहरण. तिचा पहिला अंक एप्रिल २००९ मध्ये विनामूल्य देण्यात आला, तर पूर्ण कृती जानेवारी २०१२ मध्ये आली. तो पहिला अंक म्हणजे नेमका समाईक आरंभ होता. पावणेतीन वर्षे वाचकांजवळ बुंधा होता आणि फाट्या नव्हत्या. २०१३ मध्ये पॅट्रिऑनसारखी आश्रयदात्यांच्या मासिक वर्गणीवर चालणारी व्यवस्था सुरू झाल्यावर प्रौढांसाठीच्या अनेक दृश्य-कादंबऱ्या वर्षानुवर्षे अपूर्णावस्थेतच वाढू लागल्या. लेखकाचा हात लिहिता लिहिता सुधारतो, चित्रे अधिक सफाईदार होतात आणि जुनी प्रकरणे नव्यांच्या शेजारी ओबडधोबड दिसू लागतात. पुनर्लेखनाची प्रेरणा इथून येते. नवा वाचक पहिल्या प्रकरणातूनच आत येणार असल्याने तिला आर्थिक बाजूही आहे. तर जुना आश्रयदाता वर्गणी देतो ती पुढच्या प्रकरणासाठी.

या टप्प्यावर वाचकाची सेव्ह केलेली फाइल हा पाठविचाराचा विषय होतो. २००४ पासून उपलब्ध असलेल्या व या क्षेत्रात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या रेन'पाय या मुक्त प्रणालीत वाचक कोठे थांबला ते स्थान आणि त्याने केलेल्या निवडींतून ठरलेली मूल्ये या फाइलमध्ये साठवलेली असतात. लेखकाने आरंभीच्या प्रकरणात एक नवी निवड घातली, तर जुन्या फाइलमध्ये त्या निवडीचे मूल्यच नसते. लेखकाला अशा वेळी एखादे गृहीत मूल्य द्यावे लागते. म्हणजे वाचकाने न केलेली निवड त्याच्या नावे मांडावी लागते. उलट जुनी निवड काढून टाकली, तर वाचकाने विचारपूर्वक केलेले एक कृत्य त्याच्या भूतकाळातून नाहीसे होते. वाचलेला मजकूर ओलांडून पुढे जाण्याची सोय या प्रकारात असते. सुधारलेले वाक्य यंत्राच्या हिशेबी न वाचलेले ठरते आणि ओलांडण्याची गती तेथे अडते. जुन्या वाचकाला पाठभेदाची जाणीव अनेकदा या अडखळण्यातूनच होते. पोथ्यांच्या तुलनेचे जे काम संपादकाने करावयाचे, त्याचे अल्पस्वरूप येथे यंत्राच्या एका सामान्य सोयीत नकळत शिरलेले आहे.

५

एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात कृतीत साठवलेले शब्दबंध आणि वाचकासमोर प्रत्यक्ष प्रकटणारे शब्दबंध असा भेद केला. हिरोकी अझुमा यांनी २००१ साली याच जपानी कृतींच्या आधारे पृष्ठभागावरील कथा आणि तिच्यामागील घटकसंचय अशी द्विस्तरीय मांडणी केली. दोन्ही मांडण्या फाट्यांचे स्वरूप उलगडण्यास उपयुक्त आहेत. परंतु फाट्यांचा विचार करताना मागचा स्तर बहुधा स्थिर धरला जातो. वाचक बदलतो, त्याचे मार्ग बदलतात, भांडार मात्र आहे तेथेच असते. अपूर्ण कृतीच्या पुनर्लेखनाने नेमके हे गृहीत मोडते. वाचक फाट्यांवर असताना त्याच्या मागे बुंधाच बदलला जातो. ज्या निवडीमुळे तो आज ज्या ठिकाणी आहे, ती निवड नव्या पाठात संभवतच नसेल, तर त्याचे वाचन कोणत्या पाठाचे म्हणावयाचे?

पाठचिकित्सेची पारंपरिक पद्धत या प्रश्नाला पुरी पडत नाही, तथापि तिच्यातील एक आग्रह येथे आवश्यक ठरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत वि. सी. सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची जी पद्धती घालून दिली, तिच्यात उपलब्ध पोथ्यांवरून शक्य तितक्या प्राचीन पाठाकडे जाण्याचा प्रयत्न होता. मात्र नाकारलेले पाठ फेकून न देता ते तळटिपांत व परिशिष्टांत नोंदवलेले होते. दृश्य-कादंबरीत दिशा उलटी असते. अधिकृत पाठ नेहमी सर्वांत अलीकडचा असतो आणि पूर्वपाठाला तळटीपही मिळत नाही. २०२१ ची 'त्सुकिहिमे' २०००चा पाठ सोबत देत नाही. हप्त्याहप्त्याने वाढणाऱ्या कृतींत तर जुनी फाइल उतरवून घेण्याची सोयही प्रायः उरत नाही. पाठभेद घडतात, पण त्यांची पोथी राहत नाही.

लेखकाचा पुनर्लेखनाचा अधिकार नाकारण्याचा येथे प्रश्न नाही. तो अधिकार नसता तर अपूर्ण कृती आपल्याच पहिल्या प्रकरणांच्या कच्चेपणात अडकून पडली असती. प्रश्न आहे तो वाचकाच्या सहभागाचा. छापील कादंबरीचा वाचक पूर्वभागाचा साक्षीदार असतो. निवडीवर चालणाऱ्या कथनात तो काही अंशी कर्ता असतो. डिकन्सने आपला हप्ता मागे घेतला नाही तो नाइलाजाने, परंतु त्या नाइलाजामुळे वाचकाचे पूर्वज्ञान अबाधित राहिले आणि पात्राच्या बदलाचा हिशेब कथेच्या आतच द्यावा लागला. तांत्रिक नाइलाज संपल्यावर हा हिशेब देण्याची सक्तीही संपली. ज्या कृतीने वाचकाला 'तू निवडलेस म्हणून असे घडले' असे सांगितले, तिने ती निवड पुसताना पूर्वपाठ कोठेतरी वाचनीय ठेवणे ही केवळ संग्राहकांची हौस मानता येत नाही. ती त्या कृतीच्या स्वतःच्या कथनतत्त्वाची मागणी आहे. समीक्षेपुरते बोलावयाचे तर, या प्रकारातील कोणत्याही कृतीविषयी विधान करताना ते तिच्या कोणत्या पाठाविषयी आहे हे नोंदवणे, ही किमान शिस्त अभ्यासकाने पाळावयास हवी. अन्यथा दोन अभ्यासक एकाच शीर्षकाखाली दोन वेगळ्या कृतींविषयी वाद घालीत राहतील आणि त्यांतील एक कृती त्या वेळेपर्यंत अस्तित्वातही नसेल.