शिफारशीची चिठ्ठी आणि डॉक्टरांची भरती

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे असे सुचविले होते. तो विषय या व्यासपीठावर पुष्कळदा होऊन गेला आहे. म्हणून त्याच घराण्यातला, पण दूरच्या मुलखातला एक विषय आम्ही मागून घेतला. अमेरिकेत डॉक्टर होऊ पाहणाऱ्या तरुणाला थोरामोठ्यांच्या पत्रांवाचून पुढचे दार उघडत नाही. आणि तसे पत्र मिळावे म्हणून तो परक्या गावच्या परक्या इस्पितळात चार-चार आठवडे राबतो. याला तिकडे 'अवे रोटेशन' म्हणतात. आमचे शिक्षण मेडिकल कॉलेजात नव्हे, गिरणगावातल्या वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा औषधपाण्याविषयी आम्ही अवाक्षर बोलणार नाही. भरती कशी होते, हा मात्र आमच्या रोजच्या व्यवहारातला विषय आहे.

मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबर करी, हे येथे जमलेल्या जुन्या मंडळींना सांगावयास नको. बायकांच्या खात्यात तेच काम नायकीण करी. बदलीला कोणाला घ्यावयाचे हे जॉबरच्या शब्दावर ठरे आणि त्या शब्दाला दस्तुरी पडे. 1931 साली रॉयल कमिशनने या प्रकारावर कोरडे ओढले. 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन जॉबरचा हात थोडा आखडला. यातली गोम अशी की, जॉबरला माणसाचे काम खरोखरच ठाऊक असे. साच्यावर कोणाचा हात चालतो हे मॅनेजरपेक्षा तो अधिक जाणत होता. जाणकाराचा शब्द नको असे कोणीच म्हणत नव्हते. तो शब्द बंद दाराआड उच्चारला जाई, एवढीच तक्रार होती. आता हेच दुखणे पांढऱ्या कोटाच्या दुनियेत कसे वाढले ते पाहू.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतला होतकरू डॉक्टर एखाद्या वैद्याच्या हाताखाली साधारण तीन वर्षे उमेदवारी करी, जोडीला कॉलेजातली व्याख्याने ऐके, आणि गुरूचे प्रमाणपत्र दाखवून पदवी घेई. आजच्या शिफारसपत्राचा आजा तो हाच. त्या काळची एक गंमत सांगण्याजोगी आहे. एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईंना कोणतेच कॉलेज दाराशी उभे करीना. 1847 साली फिलाडेल्फियाचे डॉक्टर जोसेफ वॉरिंग्टन यांनी त्यांच्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील कॉलेजला पत्र लिहिले. पत्र लिहिणारा वजनदार, त्याला नकार कसा द्यावयाचा? प्राध्यापकांनी प्रश्न विद्यार्थ्यांच्या मतावर सोपविला. पोरांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी हसत हसत होकार दिला! 1849 साली बाई पदवी घेऊन बाहेर पडल्या. वॉरिंग्टनसाहेबांच्या पत्राने काम केले ते असे वाकड्या वाटेने.

आपल्या आनंदीबाई जोशी यांची हकीकत मराठी श्रोत्यांना पाठच आहे. गोपाळरावांनी मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापले गेले, ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले, आणि एका अनोळखी घराने या मुलीला आपली म्हटले. रीतसर शालेय शिक्षण बेताचेच असल्यामुळे आनंदीबाईंना कॉलेजकडे आपली कैफियत स्वतः लिहून मांडावी लागली. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पत्राने दार उघडते हे खरे. पण ज्यांचे पत्र कोणाच्या हाती पडलेच नाही, अशा किती मुली घरी राहिल्या असतील याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

पुढे वैद्यकाचे शिक्षण पालटले. बाल्टिमोरचे जॉन्स हॉप्किन्स इस्पितळ 1889 साली सुरू झाले, 1893 साली त्याची शाळा निघाली. विल्यम ऑस्लर यांनी तेथे विद्यार्थ्याला व्याख्यानगृहातून उठवून रोग्याच्या खाटेपाशी उभे केले. 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातल्या 155 शाळा पाहून अहवाल लिहिला आणि पदव्या विकणाऱ्या दुकानांना टाळे लागण्याचा मार्ग मोकळा झाला. चांगले झाले, पण त्या लाटेत काळ्या लोकांच्या सात शाळांपैकी पाच गेल्या, हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच उरल्या. सुधारणेचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते, हे आम्ही प्रत्येक अहवालात आधी शोधतो. सवय म्हणा.

शाळा सुधारल्या तशी पदवीनंतरची इंटर्नशिप आवश्यक ठरू लागली. इस्पितळांत जागा जास्त आणि नवे डॉक्टर कमी, अशी स्थिती होती. तेव्हा चांगला मुलगा दुसऱ्याने पळविण्याआधी आपण पकडावा अशी चढाओढ लागली. नेमणुका मागे मागे सरकत 1944 च्या सुमारास इंटर्नशिपच्या आधी दोन-दोन वर्षे होऊ लागल्या. ज्याने अजून वॉर्ड धड पाहिला नाही, त्याची परीक्षा कशावर करावयाची? अर्थात ओळखीवर आणि घराण्यावर.

यावर 1945 साली वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघाने जो उपाय काढला तो आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा आहे. त्यांनी चिठ्ठ्याच कुलपात टाकल्या. ठरलेल्या तारखेपूर्वी कोणत्याही विद्यार्थ्याची गुणपत्रिका किंवा शिफारसपत्र शाळेबाहेर जाऊ द्यावयाचे नाही, असा सर्वांनी मिळून करार केला. एकट्या शाळेने हे केले असते तर तिची मुले मागे पडली असती. सर्वांनी एकदम केले म्हणून साधले. युनियनचे दुसरे काय तत्त्व असते?

घाई आता दुसऱ्या टोकाला गेली. इस्पितळे तारीख उजाडताच तारा करीत आणि उत्तर ताबडतोब मागत. विचार करावयास पहिल्या वर्षी दहा दिवस दिलेले होते. 1949 पर्यंत बारा तासही फार, असे इस्पितळे म्हणू लागली. अखेर सर्वांच्या पसंतीच्या याद्या एका ठिकाणी गोळा करून जुळणी करावी असे ठरले. 1951 मध्ये पहिली योजना पुढे आली तेव्हा तिच्यात एक खोड निघाली. मनातली खरी पहिली पसंती, ती जरा आवाक्याबाहेरची असली तरी, प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे तीत नुकसान होत होते. ही खोड हेरली ती विद्यार्थ्यांनी. हार्वर्डचे विद्यार्थी हार्डी हेंड्रेन यांच्या पुढाकाराने देशभरच्या शाळांतील मुलांची समिती उभी राहिली, योजना बदलून घेतली गेली, आणि 1952 साली बदललेल्या रीतीने पहिली जुळणी पार पडली. हेंड्रेन पुढे नामांकित बालशल्यविशारद झाले. तरी बदललेल्या रीतीतही इस्पितळाकडे थोडे झुकते माप होतेच. ॲल्विन रॉथ यांनी 1984 मध्ये ते गणिताने दाखविले, आणि 1998 च्या जुळणीपासून ते माप उमेदवाराकडे झुकविण्यात आले. रॉथ यांना लॉइड शॅप्ले यांच्यासह 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जुळणी यंत्राकडे गेली, पण यादीत कोणाला वर घालावयाचे हे माणसेच ठरवितात. त्यामुळे चिठ्ठीचे मोल कमी न होता वाढले. शेवटच्या वर्षी ऐच्छिक विषयांना मोकळीक मिळाल्यावर विद्यार्थी आपल्याला हवी असलेली रेसिडेन्सी जेथे आहे तेथेच महिनाभर काम करावयास जाऊ लागले. अस्थिशल्य, मेंदूशल्य, त्वचारोग, आपत्कालीन चिकित्सा अशा शाखांत तर याची चाल पडून गेली आहे. राहण्याचा, प्रवासाचा खर्च त्याचा, वर अर्जाची फी, पगार नाही. नाटकमंडळीत नटाची परीक्षा घेतात त्यावरून याला तिकडे 'ऑडिशन'ही म्हणतात.

पत्रांची भाषा हा निराळाच अभ्यास आहे. सगळेच 'उत्तम', सगळेच 'कष्टाळू'. मग निवडणाऱ्याने वाचावयाचे काय? फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोघींनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय शाळेत प्राध्यापकीसाठी आलेली तीनशेंवर पत्रे तपासून 2003 साली दाखविले की, स्त्रियांविषयीची पत्रे तुलनेने आखूड होती आणि त्यांत शंकेची पाचर मारणारी वाक्ये अधिक होती. लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेलही, पण लेखणीला वळण लागलेले असते. 1974 च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्याविषयीचे पत्र पाहण्याचा हक्क दिला. व्यवहारात मात्र बहुतेक जण तो हक्क आधीच सोडून देतात, कारण उमेदवाराने पाहिलेल्या पत्राला वाचणारे किंमत देत नाहीत. आपत्कालीन चिकित्सेच्या शिक्षकांनी 1997 पासून ठरीव नमुन्याचे पत्र सुरू केले. विद्यार्थी आपल्या बरोबरीच्यांत वरच्या एकदशांशात बसतो, की वरच्या, मधल्या, खालच्या तृतीयांशात, हे त्यात खूण करून सांगावे लागे. ही सुधारणा आम्हांला बदलीच्या कार्डाची आठवण करून देते.

2020 च्या साथीत या फेऱ्या जवळजवळ थांबल्या. 2022 च्या जानेवारीपासून पहिल्या पायरीच्या राष्ट्रीय परीक्षेत गुण देणे बंद झाले, फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण राहिले. गुणांचा आकडा गेला तेव्हा पारड्यात चिठ्ठी आणखी जड झाली.

आमच्या संघटनेतल्या एका वॉर्डबॉयची मुलगी मुंबईत एम.बी.बी.एस. करते. तिकडे महिनाभर जावयाचे म्हणून ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, साहेबाकडून जोरदार पत्र कसे मिळवायचे?" आम्ही तिला आमच्या धंद्यातले सांगितले. खात्याच्या सर्वांत मोठ्या साहेबामागे लागू नकोस. ज्याने तुला रोज रोग्यापाशी पाहिले त्याच्याबरोबर जितक्या पाळ्या मिळतील तितक्या कर. दुसऱ्या आठवड्यातच विचार, "माझे कुठे कमी पडते?" आणि तिसऱ्या आठवड्यात ते भरून काढलेले त्याला दिसू दे. महिना संपण्यापूर्वी समोर उभी राहून विचार, "सर, माझ्यासाठी जोरदार पत्र देऊ शकाल का?" तो घुटमळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जा, कोमट पत्र हे पत्र नसण्यापेक्षा वाईट. हो म्हणाला तर तू पाहिलेले रोगी आणि केलेली कामे यांचे टिपण त्याच्या हाती दे, म्हणजे त्याला लिहावयास काहीतरी घडलेले सापडेल. नर्सबाई आणि वॉर्डबॉय यांच्याशी नीट वाग, हे मात्र तिला सांगावे लागले नाही.

खर्चाचा आकडा ऐकून तिचा बाप गप्प बसला. संघटनेच्या पतपेढीतून थोडे कर्ज निघाले, बाकीचे नातेवाइकांनी जमविले. ज्यांना पतपेढी नाही त्यांची मुले या वाटेला जातच नाहीत.

न्यूयॉर्कच्या सरकारी इस्पितळांतल्या इंटर्न आणि रेसिडेंट डॉक्टरांनी 1957 साली आपली युनियन काढली आणि 1975 मध्ये कामाच्या तासांसाठी संप केला. पुढच्याच वर्षी तिथल्या कामगार संबंध मंडळाने निर्णय दिला की, खाजगी इस्पितळांतले रेसिडेंट हे मुख्यतः विद्यार्थी, नोकर नव्हेत. तो निर्णय फिरावयास 1999 साल उजाडले. महिनाभर पाहुणा म्हणून येणारा विद्यार्थी अजूनही कोणत्याच युनियनच्या वहीत नाही. तो आपली फी भरतो आणि सकाळी सर्वांच्या आधी वॉर्डात हजर होतो.