अल्पधातू ताऱ्यांचा अदृश्य प्रकाश

'धातू' हा शब्द वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो व्याकरणात, क्रियापदाचे मूळ म्हणून. आयुर्वेद शरीरात सात धातू मानतो. बाजारात धातू म्हणजे लोखंड आणि तांबे. खगोलशास्त्रज्ञांनी त्याचा अर्थ आणखी ताणला आहे. हायड्रोजन आणि हेलियम वगळता उरलेले सारे त्यांच्या लेखी धातूच, अगदी श्वासातला ऑक्सिजनदेखील. विश्वाच्या आरंभी हे धातू जवळजवळ नव्हते. ताऱ्यांनी ते आपल्या पोटात घडविले. मग ज्यांच्यापाशी ते नव्हतेच, ते आद्य तारे कसे असतील?

या प्रश्नाचा इतिहास आपल्या ओळखीच्या आकाशात सुरू होतो. हिवाळ्यात मुलुंडच्या वा बोरिवलीच्या गच्चीवरून, शहराच्या उजेडातही, मृग नक्षत्रातील त्रिकांड बाणाचे तीन तारे दिसतात. हे महाकाय, अतितप्त तारे आपला बहुतांश प्रकाश अतिनील किरणांत देतात आणि पृथ्वीचे वातावरण तो अडविते. १९६५ साली डोनाल्ड मॉर्टन यांनी अमेरिकेत रॉकेटवरून या ताऱ्यांचे अतिनील वर्णपट मिळविले. त्यांतील रेषा सरकलेल्या होत्या. ताऱ्यांवरून सेकंदाला हजाराहून अधिक किलोमीटर वेगाने वारा वाहत होता. १९७०च्या दशकात त्याचे कारण उलगडले: कार्बन, नायट्रोजन, लोह यांचे अणू ताऱ्याचा प्रकाश शोषतात आणि त्या रेट्याने बाहेर ढकलले जातात. म्हणजे हा वारा धातूंच्या आधारे वाहतो.

धातू कमी असतील तर वारा मंदावेल, हे अनुमान पडताळण्यास लघु मॅगेलन मेघ सोयीचा ठरला. सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या या दीर्घिकेत धातूंचे प्रमाण सूर्याच्या सुमारे एक पंचमांश आहे. मुंबईच्या क्षितिजावर ती कधीच उगवत नाही. १९७८ ते १९९६ या काळातील आययूई उपग्रहाने आणि पुढे हबल दुर्बिणीने तेथील तारे पाहिले. वारे खरोखरच क्षीण निघाले. असा तारा आपले वस्तुमान राखून ठेवतो आणि मृत्यूनंतर अधिक जड कृष्णविवर मागे ठेवू शकतो.

या शोधात आपलाही वाटा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर ३७.५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन अतिनील दुर्बिणी आहेत. त्यांच्या उभारणीत बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याची आयुका, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांनी घडविलेली संस्था, सहभागी होती. या दुर्बिणींनी लघु मेघाची चित्रे टिपली. २०२० साली आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी सुमारे ९३० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेले तीव्र अतिनील किरण याच दुर्बिणींच्या निरीक्षणांतून शोधल्याचे जाहीर केले. तरुण, तप्त ताऱ्यांचा असा प्रकाश आपल्या दीर्घिकेबाहेर निसटू शकतो, याचा तो पुरावा होता.

तरीही एक पंचमांश म्हणजे शून्य नव्हे. मूळ पोथी हरवलेली असताना उत्तरकालीन प्रतींवरून पाठ ठरविणाऱ्या संपादकाची अडचण आम्हांला परिचित आहे. येथेही तीच आहे: आद्य ताऱ्यांविषयी आपण जे म्हणतो, ते आज तरी प्रतींवरून म्हणतो. प्रत जितकी जुन्या पाठाजवळची, तितके अनुमान भरवशाचे. म्हणूनच धातू आणखी विरळ असलेल्या ताऱ्यांचा शोध थांबत नाही.