शेवटचा एक मीटर : ट्रकमधल्या सॅटेलाइट रेडिओची गोष्ट

हा भाग तुम्ही बहुतेक ब्लूटूथवर ऐकताय. फोन खिशात, आवाज गाडीच्या स्पीकरमध्ये, मध्ये वायर नाही. आज आपण जाणार आहोत वीस-पंचवीस वर्षं मागे, अमेरिकेतल्या ट्रकच्या केबिनमध्ये. तिथे आवाज अवकाशातून जवळजवळ ३६ हजार किलोमीटर प्रवास करून यायचा आणि डॅशबोर्डपाशी येऊन अडायचा. शेवटचं एक मीटर अंतर त्याला पार करता यायचं नाही.

आधी हे बघू, की ट्रकवाल्यांना रेडिओचं एवढं वेड का? तिकडचा लांब पल्ल्याचा ड्रायव्हर बहुतेक वेळा एकटाच असतो. आपल्याकडे असायचा तसा क्लीनर सोबत नाही. एफएम स्टेशन साधारण पन्नास-शंभर किलोमीटर साथ देतं, मग खरखर सुरू. एएमचं तसं नाही. रात्री एएमच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटर लांब पोचतात. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूएल, फोर्टवर्थचं डब्ल्यूबीएपी अशी ५० हजार वॅटची स्टेशनं रात्रभर खास ट्रकवाल्यांसाठी कार्यक्रम करायची. डब्ल्यूबीएपीवर १९६९ पासून बिल मॅक हा निवेदक रात्र जागवत होता. गाणी, हवामान, रस्त्यांची खबर, ड्रायव्हरांचे फोन. पण सूर्य उगवला की हे लांबचं स्टेशन गायब! एएमची अडचणच ती.

ही अडचण सोडवायला उपग्रह आले. अमेरिकन सरकारने १९९७ मध्ये लिलाव करून दोनच परवाने दिले, प्रत्येकी ८ कोटी डॉलरपेक्षा जास्त किमतीला. एक्सएम कंपनीने २००१ मध्ये दोन उपग्रह सोडले. त्यांची नावं काय, तर ‘रॉक’ आणि ‘रोल’. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेवा सुरू झाली, शंभरेक चॅनेल, महिन्याला ९.९९ डॉलर. दुसरी कंपनी सिरियस २००२ मध्ये आली. एक्सएमने ट्रकवाल्यांसाठी वेगळं चॅनेल काढलं आणि त्यावर कोणाला आणलं? बिल मॅकलाच. आता त्याचा आवाज सकाळीही गायब होणार नव्हता.

आता येऊ मुद्द्यावर. नवा ट्रक कोण घेणार? हातात आहे तो जुना ट्रक आणि त्यातला कॅसेटवाला स्टिरिओ. म्हणून बाजारात आले डॅशबोर्डवर चिकटवायचे छोटे रिसीव्हर. लायटरच्या सॉकेटमधून वीज घ्यायची, अँटेना छपरावर ठेवायची. अँटेनाला खाली लोहचुंबक असतो, कारच्या पत्र्यावर तो टपकन बसतो. पण ट्रकच्या केबिन बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या नाहीतर फायबरच्या. चुंबक चिकटणार कशाला? मग अँटेना बाजूच्या मोठ्या आरशाच्या दांडीवर बसवायची. तिथे वेगळाच ताप. ट्रेलर केबिनपेक्षा उंच, आणि एक्सएमचे उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे अमेरिकेतून बघितलं तर दक्षिणेच्या आकाशात. ट्रक उत्तरेकडे निघाला की मागचा ट्रेलरच आडवा येतो. म्हणून काही जण दोन्ही आरशांवर एकेक अँटेना लावायचे. एक झाकली गेली तर दुसरी आहे.

सिग्नल आत आला. पुढे स्टिरिओपर्यंत कसा न्यायचा? रास्त मार्ग म्हणजे ऑक्सची पिन, पण त्या काळच्या बहुतेक स्टिरिओला ऑक्सचं भोकच नव्हतं. दुसरा उपाय कॅसेट ॲडॅप्टर: बाहेरून कॅसेटसारखाच, आत टेप नाही, फक्त एक छोटं हेड, जे प्लेअरच्या हेडला चुंबकीय सिग्नल देतं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात हुशार वस्तू हीच. तिसरा उपाय, ज्याने घोळ घातला, तो एफएम मॉड्युलेटर. रिसीव्हरमध्येच एक चिमुकलं एफएम स्टेशन. तुम्ही रेडिओ समजा ८८.१ वर लावायचा आणि रिसीव्हर त्यावर प्रसारण करणार.

नियम असा होता, की परवाना नसलेल्या अशा यंत्राचा जोर तीन मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे आपल्या गाडीपुरतंच. पण जोर कमी ठेवला तर हायवेवर खरखर, ग्राहक नाराज. वाढवला तर आवाज शेजारच्या गाडीत. आणि एफएम पट्ट्यातला ८८ ते ९२ हा भाग अमेरिकेत कॉलेजची, सार्वजनिक आणि धार्मिक स्टेशनं वापरतात. २००६ च्या सुमाराला तक्रारी वाढल्या. त्याच वर्षी हॉवर्ड स्टर्न हा अत्यंत आचरट बोलणारा निवेदक सिरियसवर आला होता. विचार करा, तुम्ही शांतपणे भजन नाहीतर बातम्या ऐकताय, सिग्नलला शेजारी गाडी येऊन थांबते आणि तुमच्या रेडिओत स्टर्न सुरू!

सरकारी आयोगाने चौकशी केली, काही मॉडेल्सची विक्री थांबली. २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र यायच्या वेळी हा हिशोब चुकता झाला. दोघींनी मिळून सुमारे १ कोटी ९७ लाख डॉलर भरले. त्यात शहरांत उभारलेल्या रिपीटर टॉवरबद्दलचे आक्षेपही होते. मला विचाराल तर कंपन्यांना स्वस्तात सोडलं. त्रास सोसला तो छोट्या स्टेशनांनी.

आणि आपल्याकडे? वर्ल्डस्पेस आठवतं का, निदान घरात मोठ्यांना विचारा. नोआ समारा यांची ही कंपनी. एक्सएममध्ये सुरुवातीला यांचेही पैसे गुंतले होते. तिचा ‘एशियास्टार’ उपग्रह २००० साली गेला, जाहिरातीत ए. आर. रहमान. ‘गंधर्व’ चॅनेलवर दिवसभर शास्त्रीय संगीत. मुंबई-पुण्यात छोटी अँटेना आग्नेयेच्या आकाशाकडे वळवून खिडकीत ठेवावी लागायची. जागची हलली की गाणं बंद, त्यामुळे आपल्या ट्रकमध्ये ती कधी रुळलीच नाही. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद पडली. पैसे भरलेल्या ग्राहकांच्या हातात नुसते डबे उरले.

एफएम मॉड्युलेटर मात्र इथे छान टिकला. लायटरच्या सॉकेटात लावायचं ते ब्लूटूथवालं यंत्र, ज्यावर जुन्या गाडीत फोनची गाणी वाजतात, ते म्हणजे हेच. मुंबईत त्याच्यासाठी रिकामी फ्रिक्वेन्सी शोधताना नाकी नऊ येतात, कारण सगळीकडे कुठलं ना कुठलं स्टेशन लागतंच. घाट चढून वर आलात की शोधा, पटकन सापडेल.