मर्जिनाची गोष्ट, अलीबाबाचं नाव

आठवीत गेलेली माझी भाची सुट्टीत कोपरीला आली, की तिचा एकच धोशा असतो, 'मावशी, पुस्तक दे.' तिला जादू हवी, राक्षस हवेत, भुयारं हवीत. मागच्या सुट्टीत मी पुढे केलेली तीन पुस्तकं तिने चाळली आणि विचारलं, "यातली मुलगी स्वतः काही करते का गं? की कुणीतरी सोडवायला येईपर्यंत नुसती बसून राहते?"

मला उत्तर देता येईना. मग वाटलं, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या अद्भुत कथांमध्ये हुन्नर असलेली नायिका आली कुठून आणि तिचं पुढे झालं काय, हे एकदा शोधायलाच हवं.

गंमत पाहा, 'कादंबरी' हा मराठी शब्दच मुळी एका अद्भुत कथेतल्या मुलीचं नाव आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने संस्कृतात एक लांबलचक गद्यकथा लिहायला घेतली. तिची नायिका कादंबरी ही गंधर्वकन्या. बाणभट्ट कथा अपुरी ठेवून वारला, ती त्याच्या मुलाने पुरी केली. हिंदी आणि बंगालीने या प्रकाराला 'उपन्यास' म्हटलं, गुजरातीने 'नवलकथा'. मराठीने मात्र त्या मुलीचं नाव उचललं. पण ही कादंबरी कथेत करते काय? तिचा चंद्रापीड मरण पावतो आणि ती त्याचा देह जपत, तो पुन्हा जिवंत होण्याची वाट पाहत राहते.

मराठीतल्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीही हाच कित्ता गिरवला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, 'रत्नप्रभा' १८६६ ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. तिन्ही नावं नायिकांची! मुखपृष्ठावरचा मान तिचा, पण तिचा मोठा गुण म्हणजे सोसणं.

त्याच दशकात पुण्यात एक वेगळीच नायिका मराठी बोलू लागली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. शास्त्रीबुवा १८७८ साली वारले. पुढच्या कामाला हरि कृष्ण दामले आणि शास्त्रीबुवांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचा हात लागला. बापाची गोष्ट मुलाने पुढे न्यायची, हा बाणभट्टाच्या घरचा प्रकार इथेही घडला. या पुस्तकावर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांची सुट्टी सरली.

या गोष्टींतली शहरजाद जिभेच्या बळावर रोज एकेक दिवस जगते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हातांनी काम करणारी नायिका पाहायची, तर अलीबाबाच्या घरची दासी मर्जिना पाहावी. चोरांनी अलीबाबाच्या दारावर खडूची खूण केली, तर हिने शेजारच्या दारांवर तशाच खुणा केल्या. कासीमच्या देहाचे तुकडे शिवायला चांभार आणला, तो डोळे बांधून. पुढे चोरांचा नायक तेलाचा व्यापारी बनून मुक्कामाला आला. त्याच्याजवळ बुधले ३८. एकात तेल, बाकी ३७ मध्ये एकेक चोर. रात्री मर्जिनाच्या दिव्यातलं तेल संपलं म्हणून ती बुधल्यापाशी गेली, तो आतून आवाज आला, 'वेळ झाली का?' एखादी किंचाळली असती. हिने शांतपणे सांगितलं, 'अजून नाही, थोड्या वेळाने.' प्रत्येक बुधल्यापाशी तेच उत्तर दिलं. मग खरं तेल कढईत कडकडीत तापवलं आणि एकेका बुधल्यात ओतलं. शेवटी भर मेजवानीत नाचता नाचता नायकालाही खंजिराने संपवलं. जादू म्हणाल, तर या गोष्टीत फक्त गुहेच्या दाराला आहे. मर्जिनाकडे आहे ती नजर, अक्कल आणि हिंमत.

आता मुद्द्याचं सांगते. ही गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाही. १७०९ साली हलबहून, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोहून, पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने ती आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताला सांगितली. गालाँने आपल्या रोजनिशीत तिचं टिपण केलं. त्यावरचं शीर्षक होतं मर्जिनाच्या हिकमतींचं, एका दासीच्या चातुर्याने चाळीस चोर कसे संपले याचं. गोष्ट छापून आली १७१७ साली, तोवर गालाँ वारला होता. छापील शीर्षकात अलीबाबा पुढे आला, दासी शेपटाला गेली आणि तिचं नावही गळालं. पुढे ते शेपूटही तुटलं. उरलं काय, तर 'अलीबाबा आणि चाळीस चोर'! चोरांची मोजदाद शीर्षकात राहिली, त्यांना संपवणारी राहिली नाही.

गोष्ट सांगणाऱ्या दियाबचंही तेच झालं. गालाँच्या छापील पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. त्याने लिहिलेल्या आठवणींचं हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात होतं. ते त्याचंच, ही ओळख पटायला १९९३ साल उजाडलं.

मराठीत या गोष्टींकडे पुन्हा वळली ती एक लेखिका. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड १९७६-७७ च्या सुमारास मराठीत आणले. गौरीबाई या इरावती कर्व्यांच्या कन्या आणि महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या नात. ज्या घराने बायकांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली, त्याच घरातल्या मुलीने शहरजादची अख्खी पोतडी मराठीत उघडली. तरीही मराठी किशोरांच्या साहसकथांत भुयारात शिरणारा बहुतेक वेळा मुलगाच राहिला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमचा लाडका, पण तोही फुरसुंगीचा मुलगाच. ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या'बरोबर 'चिंगी'ही लिहिली, ती मात्र घर-अंगणातली.

ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केलं. अशी संग्रहालयं आहेत म्हणून ही जुनी पुस्तकं निदान उरली. पण गोष्टी कपाटाबाहेरही जगतात. कोपरीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबं स्थिरावली. आमच्या मजल्यावर अशाच एक आजी होत्या. आम्हा मुलांना त्या ही गोष्ट सांगायच्या. अलीबाबाचं नाव त्यांना कधी आठवायचंच नाही. त्या म्हणायच्या, 'ती तेल ओतणाऱ्या पोरीची गोष्ट ऐकायची का?' आज वाटतं, आजी चुकत नव्हत्या.

तर भाचीला मी शेवटी तेच जुनं, पानं पिवळी पडलेलं पुस्तक दिलं. दोन दिवसांनी पाहिलं, तर तिने त्याला खाकी कव्हर घातलं होतं आणि वर लेबल चिकटवलं होतं, 'मर्जिना आणि चाळीस चोर'. मी ते लेबल काढलं नाही. तुम्हीही घरातल्या मुलांना ही गोष्ट सांगाल, तेव्हा एवढंच करा. सुरुवात तिच्या नावाने करा.