क्वांटम डॉट लेपित सौर पॅनेल

अर्धवाहक पदार्थाच्या काही नॅनोमीटर आकाराच्या स्फटिककणांचा (क्वांटम डॉट) थर दिलेले सौर पॅनेल. पदार्थ तोच ठेवून कण लहानमोठे केले, तरी रंग बदलतो : कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळा, तर ६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतो. या कणांचा शोध व निर्मिती यांबद्दल अलेक्सी एकिमोव्ह, लुईस ब्रुस आणि मुंगी बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॅनेलवर साधी रंगीत काच बसवली, तर काही प्रकाश काचेत शोषला जाऊन किंवा परावर्तित होऊन वाया जातो. क्वांटम डॉट मात्र सिलिकॉनला नीट वापरता न येणारे अतिनील व निळे किरण शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. त्यातला काही डोळ्यांना रंग म्हणून दिसतो, काही सौरघटाकडे जातो. वीज खरोखर किती वाढते, हे कण व थराची जाडी यांवर ठरते.

निर्मिती : क्वांटम डॉट स्वतःच प्रकाश शोषून वीज निर्माण करतात अशा सौरघटांत हे कण बसवण्याची एक सुटसुटीत रीत म्हणजे ‘सिलार’ (निकोलाऊ, १९८५). टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असलेली काच कॅडमियम क्षाराच्या द्रावणात बुडवतात, शुद्ध पाण्यात खळबळतात, सोडियम सल्फाइडच्या द्रावणात बुडवून पुन्हा धुतात. हे एक आवर्तन. आवर्तने वाढवत गेल्यास कण वाढतात आणि फिकट पिवळी काच नारिंगीकडे झुकते. निर्वात यंत्रणा लागत नाही, भट्टीही नाही. चंचुपात्रांवर काम भागते. महागड्या उपकरणांविना चालणाऱ्या विद्यापीठीय प्रयोगशाळांना हे संशोधन त्यामुळेच आवाक्यात आले, आणि या तंत्राच्या इतिहासात ही बाब सर्वांत मोलाची मानायला हवी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने अशा रासायनिक लेपनाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. राजाराम माने यांच्यासह २००० मध्ये आणि हबीब पठाण यांच्यासह २००४ मध्ये त्यांनी लिहिलेले आढावालेख जगभर संदर्भासाठी वापरले जातात.

कार्यक्षमता : निव्वळ क्वांटम डॉटच्या घटांनी २०२० मध्ये १६.६ टक्के गाठले. नंतर १८ टक्क्यांपुढे मजल गेली.

सुरक्षितता : क्वांटम डॉटमध्ये वापरले जाणारे कॅडमियम व शिसे विषारी असल्याने संशोधकांचा तांबे-इंडियम सल्फाइडकडे ओढा आहे.